काळं फासणाऱ्यांनो, आधी चोपडायला शिका

मराठीसाठी लढायला निघालेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा काळ्या रंगाचा डबा असतो. इंग्रजी पाटी दिसली, फास काळं. कुणी मनाविरुद्ध बोललं, फास त्याच्या तोंडाला. २००८ साली मुंबईत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी दुकानांच्या मराठी नसलेल्या पाट्यांना काळं फासलं. १२ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईतच शिवसैनिकांनी सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला काळं फासलं, कारण पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी यांच्या पुस्तकाच्या प्रकाशनाचा कार्यक्रम ते करत होते. कुलकर्णी त्या काळ्या तोंडानेच पत्रकारांसमोर जाऊन बसले. पाट्यांचं कारण भाषा होती, कुलकर्णींचं पाकिस्तान. अस्मिता कोणतीही असो, हत्यार तेच.

दुकानावर मराठी पाटी असावी याला माझी काही हरकत नाही. कायदा आहे, २०२२ साली तो आणखी कडक झाला, तो पाळला जावा. मला खुपतं ते वेगळंच. तेलकट, तुपकट, चिकट पदार्थ कशावर तरी पसरवायला मराठीत डझनभर क्रियापदं आहेत. आणि अस्मिता मिरवायची वेळ आली की आपल्याला त्यातलं एकच आठवतं. तेही सगळ्यात वाईट.

बाकीची कुठे गेली? आरशासमोर, स्वयंपाकाच्या व्हिडिओत, औषधाच्या दुकानात त्यांची जागा एका शब्दाने घेतली आहे: अप्लाय. क्रीम अप्लाय करा. बटर अप्लाय करा. स्काल्पला ऑइल छान अप्लाय करून घ्या. म्हणजे अपमान करायचा तो मराठीत आणि काळजी घ्यायची ती इंग्रजीत. माझं भांडण या वाटणीशी आहे.

एका बोटात किती अर्थ

आधी ही क्रियापदं नीट बघू, कारण त्यांना एकमेकांचे समानार्थी शब्द समजण्यातच खरी गोची आहे.

‘लावणे’ हे सगळ्यात साधं. कुंकू लावतात, तेल लावतात, दिवा लावतात, रोपही लावतात. त्यात किती, कसं, कशासाठी हे काहीच नाही. त्याच्या शेजारी ‘चोपडणे’ ठेवून बघा. भाकरीला तूप चोपडलं म्हणजे हात आखडता घेतला नाही, काठापर्यंत गेलं, भाकरी चकचकीत झाली. हाच शब्द तोंडाच्या बाबतीत आला की टोमणा होतो: ‘काय ते तोंडाला चोपडून आलीये!’ कारण भरपूरपणा भाकरीला शोभतो, चेहऱ्याला शोभेलच असं नाही. हा निवाडा वेगळा द्यावा लागत नाही, क्रियापदच देतं.

‘माखणे’ त्याच्याही पुढे. माखलं म्हणजे कोरडी जागा उरली नाही. पोर चिखलाने माखतं, हात पिठाने माखतात. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालतात, यातलं माखणं तेच: तेलाने अंगभर. ‘चोळणे’ मध्ये दाब आहे. ‘जिरवणे’ मध्ये वेळ आहे. तेल जिरवायचं तर थांबावं लागतं, घाईत जिरत नाही. ‘थापणे’ मध्ये तळवा आहे. वड्या थापायच्या आधी ताटाला ‘तुपाचा हात’ लावतात. घडीच्या पोळीत ‘तेलाचं बोट’ फिरवतात. हात आणि बोट, दोन वेगळी मापं. चमचा काढायची गरजच नाही.

आणि ‘फासणे’? यात ज्याला फासायचं त्याला कुणी विचारत नाही. दगडाला शेंदूर फासतात, दगडाचं मत घेत नाहीत. चोराच्या तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड काढायचे. पूर्वी काजळी, आता शाई नाहीतर गाडीचं जळकं ऑइल. फासण्यात प्रमाण नसतं, निगुती नसते, आणि समोरचा माणूस माणूस नसून पृष्ठभाग असतो.

म्हणजे या प्रत्येक क्रियापदात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, माप. दोन, नातं: ज्याच्या हाताला तेल लागलंय तो आणि ज्याच्या अंगाला लागतंय तो, यांच्यातलं. ‘अप्लाय’ दोन्ही पुसून टाकतो. ‘फासणे’ दोन्हीची वाट लावतो.

माप चुकलं की त्वचा बोलते

तुम्ही म्हणाल, ही शब्दांची हौस झाली. काम तर होतंय ना? नाही होत. सनस्क्रीनचं उदाहरण घ्या, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या बॅगेत आत्ता असेल.

बाटलीवर जो एसपीएफचा आकडा असतो तो प्रयोगशाळेत मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देतात. हा चांगलाच जाड थर आहे. आपण एक वाटाण्याएवढा ठिपका घेतो, सगळ्या चेहऱ्यावर ओढतो आणि ‘अप्लाय केलं’ म्हणून उन्हात निघतो. आकडा ५० चा, संरक्षण त्याच्या जवळपासही नाही. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात. मराठीत याला लावणं म्हणत नाहीत. सनस्क्रीन चोपडायचं असतं. एवढं एक क्रियापद बाटलीवर छापलं असतं तर वेगळी सूचना लागली नसती.

आता उलट टोक. स्टेरॉइडचं मलम. ते डॉक्टरांनी सांगितलेल्या जागेपुरतं, सांगितलेल्या दिवसांपुरतं, पातळ लावायचं असतं. त्वचारोगतज्ज्ञांचं त्याचं एक माप आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ, साधारण अर्धा ग्रॅम, जी दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पेर! मराठी घरात पाणी भातावर किती यावं ते बोटाच्या पेराने सांगतात. आपल्याकडे शब्दही आहे, सवयही आहे, आणि ट्यूबवर मात्र ‘बाह्य उपयोगासाठी’ असं छापलेलं असतं, ज्याचा अर्थ एवढाच की खाऊ नका. मग लोक ते चेहऱ्यावर क्रीमसारखं चोपडतात, महिनोन्‌महिने, गोरं दिसायला. त्वचा पातळ होते, लाल होते, मलम सोडलं की आणखी भडकते.

एक गोष्ट चोपडायची, दुसरीवरून नुसतं बोट फिरवायचं. ‘अप्लाय’ला यातला फरक सांगता येत नाही. सरकारी मराठीत ‘लेपन करावे’ म्हटलं तरी सांगता येत नाही. म्हणून हे भांडण इंग्रजीविरुद्ध शुद्ध मराठी असं नाही. ‘लेपन करावे’ आणि ‘अप्लाय करा’ ही एकाच माळेचे मणी आहेत. दोघांनीही कधी भाकरीला हात लावलेला नाही.

भाकरीवरचं प्राकृत

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. फटाके वाजले, स्टेटस लागले. मराठी किती जुनी, किती प्राकृताशी जोडलेली, याचे दाखले फिरले. त्यात एक दाखला मला कुठे दिसला नाही, म्हणून इथे देतो.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचा जैन पंडित होऊन गेला. त्याने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. संस्कृतातल्या कोणत्या धातूच्या जागी प्राकृतात लोक काय म्हणतात, याची मोठी यादी त्यात आहे. ‘म्रक्ष्’ म्हणजे तेलकट पदार्थ माखणे, या धातूच्या जागी तो देतो ‘चोप्पड’. चोपडणे! तव्यावरून उतरलेल्या भाकरीला तूप लावताना तुमच्या घरात जो शब्द निघतो, तो सुमारे नऊशे वर्षांपूर्वी व्याकरणात नोंदलेला आहे. आणि तो ‘म्रक्ष्’ पण मेलेला नाही. झिजत झिजत तो आपल्याकडे ‘माखणे’ झाला आणि हिंदीत ‘मक्खन’. म्हणजे आपण क्रिया ठेवली, त्यांनी पदार्थ ठेवला. हिंदीत चोपडण्याला ‘चुपडना’ आहेच. ही कुणा एकट्याची मिरास नव्हे. वाटून खाल्लेलं लोणी आहे.

आणखी एक. ‘व्यक्त होणं’ हा तुमच्या पिढीचा लाडका शब्द. व्यक्त व्हा, अभिव्यक्ती जपा, मनातलं दाबू नका. हा ‘व्यक्त’ ज्या ‘अञ्ज्’ धातूपासून आला, त्याचे जुन्या धातुपाठात दोन अर्थ शेजारी शेजारी आहेत: प्रकट करणे आणि माखणे. त्याच धातूपासून डोळ्यात घालायचं अंजन, अंगाला लावायचं अभ्यंग. तेलाचं बोट फिरलं की लाकडाच्या रेषा उठून दिसतात, तसंच काहीसं. म्हणजे आपल्या भाषेच्या मुळाशी स्निग्धता आणि स्पष्टता एकाच घरात राहतात. स्नेह म्हणजे तेलही आणि मायाही. ज्याच्यात ती नाही तो रूक्ष, त्याची सहानुभूती कोरडी. इतकं सगळं ज्या भाषेने तेला-तुपात बुडवून ठेवलं, तिच्या रक्षणासाठी तुम्ही जळकं ऑइल घेऊन निघता?

आरोपीच्या पिंजऱ्यातली मराठी

कुणी म्हणेल, ही क्रियापदं मेलेली नाहीत, रोज पेपरात दिसतात. दिसतात. कुठे दिसतात तेही बघा.

‘नियमांना हरताळ फासला.’ ‘मंत्र्यांची सारवासारव.’ ‘भ्रष्टाचाराने बरबटलेले हात.’ ‘शेतकऱ्यांच्या जखमेवर मीठ चोळलं.’ ‘मतदारांच्या तोंडाला पानं पुसली.’ ‘स्वतःच्या पोळीवर तूप ओढून घेतलं.’ साहेबांना मस्का लावणारे वेगळेच. आणि मित्राशी वाजलं की ‘गेलास तेल लावत’.

सारवणं हे किती मेहनतीचं काम होतं. वाकून, हाताने, अर्धवर्तुळं काढत केलेलं. त्यातून आपल्या सार्वजनिक बोलण्यात उरली ती मंत्र्याची सारवासारव. चोळणं हे दुखऱ्या पाठीसाठी होतं. उरलं ते मीठ. ही क्रियापदं जिवंत आहेत, पण सगळी आरोपीच्या पिंजऱ्यात. घरातल्या कामातून हाकलली आणि राजकारणात खबरी म्हणून ठेवून घेतली.

‘फासणे’चीही एक गोष्ट यात हरवली. हरताळ म्हणजे बंद, संप असा आज बहुतेकांचा समज. तो संपाचा हरताळ वेगळा. तो गुजरातीतून, बाजाराला कुलूप या अर्थाने आला. फासायचा हरताळ म्हणजे पिवळं खनिज, आर्सेनिक आणि गंधकाचं संयुग. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखक त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि वाळला की वर बरोबर अक्षर लिहायचा. म्हणजे फासण्यालाही एकेकाळी पुढची पायरी होती: दुरुस्ती. आज पाटीला काळं फासणारा तिथे थांबून सुंदर मराठी अक्षरात दुकानाचं नाव रंगवून देतो का? तो फोटो काढतो आणि जातो.

काळं आणि गोरं, एकाच ट्यूबमधून

तोंडाला काळं फासणं हा अपमान का? कारण काळं असणं हाच अपमान आहे, असं आपण मनोमन धरून चाललोय. ज्या समाजात बहुतेक माणसं सावळी किंवा काळी, तिथे शिक्षा म्हणून काळं करतात. त्याच समाजात १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आली, घराघरांत गेली, आणि २०२० साली नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. नावातलं गोरेपण पुसलं. मनातलं पुसायला तेवढ्याने काय होतंय?

रागाने काळं फासणारा हात आणि आशेने गोरं अप्लाय करणारा हात, दोघांचं शिक्षण एकाच शाळेत झालंय. दोघांनाही समोरची कातडी आहे तशी मान्य नाही. बाळाला माखणाऱ्या हाताला मात्र बाळाचा रंग बदलायचा नसतो. (तिथेही ‘बेसन लावा, उजळेल’ म्हणणारी एखादी मावशी टपकतेच, पण तो दोष तेलाचा नाही.) माखणं, चोळणं, जिरवणं या क्रियापदांना समोरच्याला लपवायचं नसतं. त्यांना ते टिकवायचं असतं: कातडी भेगाळू नये, भाकरी कोरडी पडू नये, भिंत पोपडे धरू नये.

आता तुमचे आक्षेप

पहिला: भाषा बदलते, ‘अप्लाय’ आला तर आला. येऊ दे की. मस्का फारसीतून आला, इराण्याच्या बनमध्ये शिरला, साहेबांच्या केबिनपर्यंत पोचला. त्याला कुणी बाहेरचा म्हणत नाही. परका शब्द नवा अर्थ घेऊन येतो तेव्हा भाषा श्रीमंत होते. ‘अप्लाय’ काही घेऊन आला नाही. तो आला आणि आठ शब्दांच्या जागेवर एकटा पसरून बसला.

दुसरा, आणि हा खरा: ही क्रियापदं म्हणजे बायकांच्या कष्टांची यादी आहे, तिचे गोडवे कशाला? बरोबर. सगळ्यांच्या भाकरीला तूप चोपडणारी बाई स्वतः शेवटी बसायची, आणि तिच्या वाटणीला तूप राहायचंच असं नाही. कित्येक घरांत तूप मुळात नव्हतंच. चटणीवर तेलाचं बोट हीच चैन. बाळाच्या नाकाकानात तेल घालू नका, असं आज डॉक्टर सांगतात, ते ऐकायलाच हवं. मला तो काळ परत नको आहे. पण गंमत बघा. बाईचं काम हलकं मानलं, म्हणून त्या कामाचे शब्दही हलके ठरले. व्यासपीठावर, बातमीत, ‘मराठी अस्मिते’त त्यांना जागा मिळाली नाही. पुरुषाच्या रागाचं क्रियापद मात्र अस्मितेचं क्रियापद झालं. शब्द टाकून देऊन ते कष्ट कमी झाले नाहीत. मालिशवाल्या मावशी आजही सकाळी चार-चार घरं करतात. फक्त त्यांच्या कौशल्याचं नाव गेलं. आणि नाव नसलेल्या कौशल्याला कोणी जास्त पैसे देत नाही.

उपाय समान वाटणीचा आहे. पुरुषांनी चोपडावं. स्वतःच्या बापाच्या पायाला तेल चोळावं, जिरेपर्यंत बसावं. आपलं मूल आपण माखावं. हात माखले की क्रियापद आपोआप तोंडात येतं. शब्दकोश पाठ करून येत नाही.

तिसरा: मग पाट्यांचं काय? पाट्या मराठीत हव्यातच. पण ज्या दुकानाची पाटी मराठीत झाली त्याच दुकानात आत जाऊन बघा. मलमाच्या ट्यूबवर, तेलाच्या बाटलीवर, बाळाच्या लोशनवर कसं वापरायचं ते मराठीत आहे का? असलं तर कोणाला कळेल अशा मराठीत आहे का? त्यासाठी मोर्चा काढा, मी पहिल्या रांगेत येतो. ‘पातळ लावा, चोळू नका’ आणि ‘भरपूर चोपडा, दोन तासांनी पुन्हा’ एवढी दोन वाक्यं छापून घेतलीत, तर काळ्या रंगाच्या शंभर डब्यांपेक्षा जास्त मराठी वाचेल. माणसांची कातडीही वाचेल.

आणि जे रील करतात, रेसिपी सांगतात, स्किनकेअर शिकवतात, त्यांना एकच सांगणं. कॅमेऱ्यात तुमचा हात दिसतोच आहे. तो काय करतोय ते बघा आणि तेच बोला. बोट फिरवताय? म्हणा, बोट फिरवा. चोळताय? म्हणा, चोळा. चोपडताय? लाजू नका, खेडवळ वाटेल म्हणून गिळू नका. नऊशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणात बसलेला शब्द आहे तो; तुमच्या तीस सेकंदांत सहज बसेल.